आधी पेटंट, मग फेलोशिप

प्रश्न : पीएचडीत दुधातला युरिया ओळखणारी कागदी पट्टी बनवली. शोधनिबंध पुढच्या महिन्यात छापून येतोय. स्टार्टअपसाठी फेलोशिप मिळेल का?

उत्तर : मिळू शकेल, पण आधी निबंध थांबवा! एकदा छापला की नावीन्य गेलं, पेटंटही बहुधा गेलंच. पेटंटचा प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये. शोधाचं पूर्ण विवरण १२ महिन्यांत द्यावं लागतं. पेटंटचा हक्क बहुतेकदा संस्थेचा असतो, म्हणून तो वापरण्याच्या परवान्याचं लेखी पत्र तिच्याकडे आत्ताच मागा.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या निधी-ईआयआर या फेलोशिपमध्ये दरमहा कमाल ३०,००० रुपये मिळतात, तेही पोटापाण्यासाठी. प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या चालत्या नमुन्यासाठी, निधी-प्रयास ही योजना वेगळी, कमाल १० लाख. दोन्हींचे अर्ज इनक्युबेटरकडे, म्हणजे स्टार्टअपना आधार देणाऱ्या केंद्राकडे जातात, विभागाकडे नाही.

अशा पट्ट्या अडतात त्या चाचणीत. ऊर्ध्वपातित पाण्यात युरिया घालून काढलेला आलेख कुणाला पटत नाही. युरिया दुधात मुळातच असतो. १०० मिलीत ७० मिग्रॅपर्यंत चालतो. तुमची पट्टी ६० आणि ९० मिग्रॅमधला फरक दाखवते का? गायीचं, म्हशीचं दूध वेगवेगळं तपासा. आणि पट्टीचा रंग दूध संकलन केंद्रातल्या पिवळ्या दिव्याखाली वाचून बघा. पहाटे तिथे तोच उजेड असतो.