सोनं करायच्या गुपितासाठी ५ लाख दिले, गुप्ततेचा बाँडही लिहून दिलाय, आता तक्रार करता येईल का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. मिस्टरांचा ट्रक होता, खाणी बंद पडल्या तसा तो दारातच उभा राहिला आणि शेवटी विकावा लागला. गेल्या वर्षी चवथीनंतर ओळखीतून एक गुरुजी घरी आले, पाऱ्याचं सोनं करायची विद्या देतो म्हणाले. मागच्या पडवीत शेगडी पेटवून मुशीत पारा आणि कसलीशी मुळी टाकली आणि तासाभराने खरंच गुंजभर सोनं काढून दाखवलं, सोनाराने ते अस्सल असल्याचं सांगितलं. मग 'कृती'ची किंमत ठरली ५ लाख. २ लाख ४० हजार फोनवरून, १ लाख रोख, आणि ताईंच्या पाटल्या गोल्ड लोनला ठेवून १ लाख ६० हजार. शिवाय चुलत दिराचे ८० हजार मिस्टरांच्याच खात्यातून गेले. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय की गुपित कुठे बोललात तर १० लाख दंड. घरी सोनं काही झालं नाही. आता गुरुजी म्हणतात शेवटच्या भट्टीला २ लाख द्या, नसतील तर परसाकडचा प्लॉट विका, आणि पोलिसांत गेलात तर बेकायदा सोनं करता म्हणून पहिले तुम्हीच आत जाल. ताई विचारतात, आमचे हात बांधले गेलेत का?

नाही ताई, अजिबात नाही. तो स्टॅम्पपेपर आधी डोक्यातून काढा. नोटरीचा शिक्का असला तरी शिक्क्याने खोटं खरं होत नाही. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे, त्याच्या कलम ५६ मध्ये अशक्य गोष्टीचा करार मुळातच रद्द धरलाय आणि तिथे पहिलंच उदाहरण काय दिलंय माहितीये, जादूने गुप्तधन शोधून देण्याचा करार! दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही ही माणसं ठाऊक होती. पोलिसांत किंवा कोर्टात जायचंच नाही अशी अट कलम २३ आणि २८ प्रमाणे चालत नाही. आणि असा रद्द करार करून ज्याने पैसे घेतले त्याने ते परत करायचे असतात, ते कलम ६५. म्हणजे तो कागद तुमच्या विरुद्ध नाही, तुमच्या बाजूचा पुरावा आहे. जपून ठेवा, फाडू नका, लॅमिनेट पण करू नका.

आता ते गुंजभर सोनं, कारण मिस्टर अजूनही 'मी डोळ्यांनी बघितलंय' म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी खरंच बघितलं, त्यांना वेड्यात काढू नका. सोनं पाऱ्यात विरघळतं आणि थोडंसंच असलं तर पारा दिसायला तसाच चंदेरी राहतो. तापवला की ३५७ अंशाला पारा उकळून वाफ होऊन जातो आणि खाली सोनं उरतं. जुने कारागीर मुलामा द्यायचे तो याच पद्धतीने. म्हणजे गुरुजींनी सोनं केलं नाही, घरून पाऱ्यात घालून आणलं. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या प्रचंड यंत्रात शिशाच्या अणूंपासून सोनं झालं हे खरंय, २०२५ मध्ये जाहीर झालं, पण चार वर्षांच्या प्रयोगात मिळून ते एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी भरलं, पडवीतल्या शेगडीवर ते होत नाही. हे एवढं मुद्दाम सांगतेय कारण फसवणुकीच्या केसमध्ये समोरच्याचा हेतू पहिल्या दिवसापासून खोटा होता हे दाखवावं लागतं, आणि आधीच सोनं घातलेला पारा हाच त्या हेतूचा पुरावा. म्हणून ती मूस धुऊ नका, राहिलेला पारा बरणीत घट्ट झाकून ठेवा. आणि कृपा करून पुन्हा तापवू नका, ती वाफ विषारी असते, मिस्टरांचे हात थरथरतात असं लिहिलंय ना, डॉक्टरांना पारा तापवत होतो हे स्पष्ट सांगा, हे कोर्टापेक्षा आधी.

तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली, ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्यवहार १ जुलै २०२४ नंतरचा म्हणून नवा कायदा, जुनं ४२० नाही. आत टाकीन म्हणून पैसे मागतो त्याला कलम ३०८ (खंडणी) आणि ३५१ (धमकी) पण लिहा. पोलीस स्टेशनवर 'हे सिव्हिल मॅटर आहे' म्हणतील, नेहमीचं आहे, तोंडी बोलून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एफआयआरची कॉपी फुकट मिळते. नाहीच घेतली तर एसपींना पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. फोनवरून गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आजच फोन करा, त्याच्या खात्यात काही शिल्लक असेल तर गोठवता येतं, इथे एकेक दिवस महत्त्वाचा आहे. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. रोख १ लाखाची पावती नाही म्हणून घाबरू नका, बँकेतून कधी काढले त्याची एंट्री आणि घरात कोण होतं ते लिहा.

मिस्टर आत जातील का? ते स्वतः फसलेत, फसलेला माणूस गुन्हेगार होत नाही. पण चुलत दिराचे ८० हजार त्यांच्या खात्यातून गेलेत ही गोष्ट लपवलीत तर मात्र वाईट दिसेल. तक्रारीत आपणहून लिहा. आणि त्यातून त्यांना हजार रुपये जरी कमिशन मिळालं असेल तर आधी वकिलाशी समोरासमोर बोला, मगच अर्ज द्या.

प्लॉटचं सोपं आहे. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची संपत्ती समाईक, तुमच्या सहीशिवाय जमीन विकता येत नाही. कुठल्याही कोऱ्या कागदावर सही करू नका, एवढंच. पाटल्यांचं खरं सांगते, कर्ज देणाऱ्याची चूक नाही, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. व्याज भरत राहा नाहीतर लिलाव होईल, आणि ती रक्कम गुरुजीकडून वसुलीत मागा. दिवाणी दाव्याला फसवणूक कळल्यापासून ३ वर्षं असतात. केस झाली की तो थोडे पैसे घेऊन तडजोडीला येईल असा माझा अनुभव आहे, घ्यायचे तर कोर्टासमोर आणि बँकेतून, चहाच्या टेबलावर नाही.

वकिलाच्या फीची चिंता करू नका, उत्पन्न कितीही असो, बाईमाणसाला कायद्याने मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करा नाहीतर वाळपईच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे विचारा.

गावात कळेल ही भीती तुम्ही पत्रात तीनदा लिहिलीय. मला समजतं, गावात तोंड दाखवायचं असतं. पण गुरुजी त्या लाजेवरच जगतोय, तुम्ही गप्प बसलात म्हणूनच त्याला आणखी २ लाख मागायची हिंमत झाली, आणि आत्ता तो दुसऱ्या कुणाच्या पडवीत बसलेला असेल. चुलत दिरांना पोलिसांकडून कळण्याआधी आज रात्रीच तुम्ही दोघं जाऊन सांगा, आणि अर्जावर त्यांचीही सही घ्या, दोन घरांची तक्रार असली की स्टेशनवर वेगळंच वजन पडतं.