गोव्यातल्या वृद्धाश्रमात केरळ, झारखंड, कर्नाटकच्या मुली एकत्र काम करतात. भाषा-जेवणावरून कुरबुरी होतात, मुली टिकत नाहीत. काय करावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "बाहेरच्या मुलींना आपल्या पेशंटची भाषा येत नाही आणि शिकायची इच्छाही नसते." उत्तर लिहिणार नव्हते, पण या वाक्यापाशी अडले.

मी दोडामार्गची. जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून गोव्यात आले, सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ सासष्टीतल्या एका वृद्धांच्या संस्थेत. नाव सांगणार नाही. सुरुवातीला मलाही 'घाटी' म्हणून झालं. दोडामार्ग घाटाच्या खाली आहे, पण एवढा भूगोल कोण बघतो.

तिथे झारखंडातल्या गुमल्याकडची एक मुलगी अटेंडंट होती. एकवीस-बावीस वर्षांची, घरी सादरी बोलणारी, हिंदी बऱ्यापैकी. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. पहाटे तीनला कोण खरंच बदलतं आणि कोण नुसती सही ठोकतं, ते सकाळी पाठ बघितली की कळतं. ही बदलायची.

तिच्याकडे एक माय होती, नव्वदीला टेकलेली, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. मे महिना. माय दिवसभर म्हणायची, "जाय... जाय." कोंकणीत जाय म्हणजे पाहिजे. "उदक जाय" एवढं तिला जमत नसे, शेवटचा शब्दच काय तो बाहेर पडायचा. मुलीला ऐकू यायचं 'जा'. ती निमूट उठून बाहेर स्टुलावर जाऊन बसायची. म्हातारीला आपलं तोंड बघवत नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. जेवणासोबत पाणी पाजायची तेवढंच. मधल्या वेळी मायने मागितलं की ही खोलीबाहेर. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी माय बरळायला लागली, लघवी थोडी आणि गडद. इस्पितळात नेली, सलाइन लावलं. बरी होऊन परत आली, हे आधीच सांगून टाकते.

लंडनहून मुलाचा फोन आला. आमच्या मॅनेजर बाईंनी मुलीला सगळ्यांसमोर उभं केलं, "साधं पाणी कळत नाही तुला?" म्हणाल्या आणि अर्धा पगार कापला. मी भांडले. ती येऊन पाच महिने झाले होते, आणि 'जाय' नि 'नाका' (नको) हे दोन शब्द तिला एकानेही सांगितले नव्हते. मीही नाही. आमच्या मालवणीत 'व्हया' म्हणतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी स्वतः 'जाय'वर अडखळले होते. विसरले. आणि पाणी किती गेलं, लघवी किती झाली, याचा चार्ट भरणं हे अटेंडंटचं काम नाही, ड्युटीवरच्या सिस्टरचं आहे. त्या तीनपैकी दोन दिवस सिस्टर मी होते. हे बाईंना सांगितलं तर म्हणतात, "तू मधे पडू नकोस, घरच्यांना कोणाचं तरी नाव द्यावं लागतं." मुलगी पावसाआधी गावी गेली. तिचे मूळ दाखले संस्थेच्या कपाटात होते, ते सुटायला आणखी महिना गेला.

तेव्हा मुली टिकत नाहीत म्हणता, तर आधी कपाट उघडा. कोणाचेही मूळ कागद ठेवून घेऊ नका. झेरॉक्स पुरते.

भाषेचं म्हणाल तर पंचवीस-तीस शब्द लागतात. उदक, जाय, नाका, दुखता, भूक, शीं (थंडी), घुंवळ (चक्कर). प्रत्येक खाटेपाशी लावा, पण त्या मुलीच्या लिपीत: मल्याळम, कन्नड, जी असेल ती. आणि पाळी बदलताना निरोप टेबलावर नको, पेशंटच्या उशाशी द्या, दोघी समोरासमोर. ती दहा मिनिटं पगारात धरा.

मराठी शिकवावी की कोंकणी, असंही विचारलंय तुम्ही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याच्याही आधीपासून आपण यावर भांडतोय. मी मराठीतच लिहिते-वाचते, तरी सांगते, पेशंट पाणी ज्या भाषेत मागतो ती शिकवा. तो पेपर कुठला वाचतो ते सोडा.

'बाहेरच्या' हा शब्दही जरा जपून. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक देशात शंभरात नऊही नव्हते, गोव्यात अकरा होते. मुलं लंडनला नाहीतर आखातात. आपल्या नर्सही त्याच वाटेने जातात. चवथीला वॉर्डातल्या गोव्याच्या मुली घरी जातात, तेव्हा डबल ड्युटी कोण करतं? आणि मागेपुढे त्याच दिवसांत ओणम येतो, तर त्याच मुलीला "आता रजा नाही" म्हणून सांगायचं! दोन्ही सण वर्षाच्या सुरुवातीलाच रोस्टरवर लिहा.

पगाराचं एकच वाक्य. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ साली सुचवलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी इस्पितळातही नर्सला महिना वीस हजारांच्या खाली पगार नसावा. तुमचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघा, मग इच्छेचं बोलू.

सगळ्या बाहेरच्या मुली गुणाच्या, असं माझं म्हणणं नाही. पेशंटला चिमटे काढणारी एक मी पकडली होती. ती माझ्याच तालुक्यातली निघाली. आणि भाषा न येणारी मुलगी रात्री एकटी ठेवू नका, राईल्स ट्यूबवरच्या (नाकातल्या नळीने अन्न जाणाऱ्या) पेशंटपाशी तर मुळीच नाही.

जेवणाचं राहिलं. केरळच्या मुली मट्टा खातात, झारखंडच्या उसना, आपण उकडा. तिन्ही तांदूळ साळ उकडूनच केलेले. तरी तुमच्याकडे भातावरून भांडणं होतात, म्हणजे आचारी सगळ्यांना सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ, शिजवून घालत असणार. त्याला विचारा.