साचा बनण्याआधी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. खेळणी बनवणाऱ्या कंपनीने सुरक्षा सल्लागार मंडळावर बोलावलंय, जावं की नाही, असं तू विचारलं आहेस. जा. डॉक्टरांनी कंपन्यांपासून लांबच राहावं असं मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही. अपघात विभागात मूल येतं तोवर आपल्याला फार उशीर झालेला असतो. पण होकार कळवण्याआधी त्यांना एकच गोष्ट विचार: वस्तू कुठल्या टप्प्यावर असताना मला विचारणार? साचा तयार झाला, जाहिरात ठरली, ऑर्डरी आल्या आणि मग तुला बोलावणार असतील, तर त्यांना सल्ला नकोय, तुझं नाव हवंय.

अमेरिकेतल्या फिशर-प्राइस कंपनीच्या ‘रॉक एन प्ले’चं प्रकरण मुळापासून वाच. बाळाला तिरकं निजवायचं हे आसन 2009 साली बाजारात आलं. पाठीला साधारण 30 अंशांचा उतार. एप्रिल 2019 मध्ये ते परत मागवलं, तोवर सुमारे 47 लाख नग विकले गेले होते आणि तीसहून जास्त बाळांच्या मृत्यूंची नोंद झाली होती. 2023 मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने हा आकडा सुमारे 100 सांगितला. अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली, तिच्या 2021 च्या अहवालात नोंद आहे की आसन तयार करताना कंपनीने एकाच डॉक्टरांचा सल्ला घेतला होता. ते फॅमिली डॉक्टर होते, बालरोगतज्ज्ञ नव्हते. बाळाला टणक पृष्ठभागावर उताणं निजवा, हे तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना तेव्हाही सांगतच होती.

यात गूढ काही नव्हतं. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान धरलेली नसते. उतारावर हनुवटी छातीकडे झुकते आणि मऊ श्वासमार्ग अरुंद होतो. पुढे आयोगासाठी अरकान्सास विद्यापीठातल्या एरिन मॅनन यांच्या गटाने बाळांच्या स्नायूंची हालचाल मोजली. उतारावर बाळ सहज पालथं होतं, पण तिथे पोटाच्या स्नायूंवर जास्त ताण येतो, बाळ लवकर दमतं आणि तोंड मोकळं करायला त्याच्यात जोर उरत नाही. 10 अंशांहून जास्त उतार नको, असा निष्कर्ष निघाला आणि 2022 मध्ये अमेरिकेने त्याहून जास्त उताराच्या अशा आसनांवर कायद्याने बंदी घातली. कंपनीने नंतर वैद्यकीय आणि वैज्ञानिक तज्ज्ञांचं मंडळ नेमलं. नेमलं हे चांगलंच झालं. पण हे प्रश्न 2009 च्या आधी, कागदावर रेघ असतानाही विचारता आले असते. बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींचं यंत्रशास्त्र, जाणणारं एक माणूस आणि नवजात बाळांचा एक डॉक्टर, एवढी माणसं त्या खोलीत हवी होती.

म्हणून मंडळावर आणखी कोण आहे, ते बघ. सगळे बालरोगतज्ज्ञच असतील तर मंडळ अपुरं आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ हवा, विषशास्त्राचा जाणकार हवा, कुठल्या वयात मुलं हातातल्या वस्तूचं काय करतात हे जाणणारा मानसशास्त्रज्ञ हवा. लहान मुलांची शवविच्छेदनं केलेला न्यायवैद्यक तज्ज्ञ मिळाला तर त्याला सर्वांत आधी घ्यायला सांग. त्याचं म्हणणं ऐकायला जड जातं, आणि ते ऐकलंच पाहिजे.

‘आमचं खेळणं सगळ्या चाचण्यांतून पास झालंय,’ हे तुला पहिल्याच बैठकीत ऐकवतील. चाचण्यांचा आदर ठेव. सुट्या भागांसाठीची ती छोटी नळी बघितली आहेस ना? व्यास 31.7 मिलिमीटर, तळ तिरका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कुठलाही भाग तिच्यात पूर्ण मावता कामा नये. पण प्रत्येक चाचणी आधी घडून गेलेल्या इजेतून जन्मलेली असते. पुढची इजा कशी होईल, ते तिला ठाऊक नसतं. 1999 मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने मुलांच्या जेवणासोबत पोकेमॉनचे प्लास्टिकचे गोळे वाटले. गोळा साधारण सात सेंटिमीटरचा, त्या नळीत मावण्याचा प्रश्नच नव्हता. तो उघडला की दोन वाट्या होत. त्यातली एक वाटी बाळाच्या नाका-तोंडावर बसली आणि बाळाने श्वास ओढला की ती आणखी घट्ट चिकटे. दोन बाळं गेली. अडीच कोटींहून जास्त गोळे परत मागवावे लागले. वाटीच्या आकाराच्या खेळण्यांसाठी वेगळा नियम त्यानंतर आला. तेव्हा नमुना हातात घेतलास की नियमावली थोडा वेळ बाजूला ठेव आणि दहा महिन्यांचं बाळ याचं काय करेल, तेवढंच बघ.

कारखान्याबद्दलही विचार. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात ‘बिंडीझ’ नावाचे मणी फार खपत होते, त्या वर्षी त्यांना तिथे सर्वोत्तम खेळण्याचा मानही मिळाला होता. पाणी शिंपडलं की मणी एकमेकांना चिकटत. त्यात 1,5-पेंटेनडायॉल असायला हवं होतं. प्रत्यक्षात 1,4-ब्युटेनडायॉल निघालं. ते स्वस्त, पण पोटात गेलं की शरीर त्याचं गॅमा-हायड्रॉक्सीब्युटिरेट करतं, म्हणजे गुंगी आणणारं द्रव्य. मणी गिळलेली मुलं बेशुद्ध होऊन रुग्णालयात आली. सिडनीच्या मुलांच्या रुग्णालयातल्या जैवरसायनतज्ज्ञाने आधी लघवी तपासली, मग थेट मणी तपासले, आणि कोडं सुटलं. किती साधं आणि किती मोलाचं काम! मण्यांवर नंतर कडू लेप देण्यात आला. यातून तुझ्या कामाचे प्रश्न असे: तपासलेला नमुना आणि आज कारखान्यातून निघणारा माल एकच आहे, हे कोण बघतं? पुरवठादाराने घटक बदलला तर कळतं कसं? आणि रुग्णालयातल्या डॉक्टरने रात्री फोन केला तर घटकांची यादी कोण देणार?

बटणाएवढे चपटे सेल आणि लोहचुंबक मुलं गिळतात, त्याबद्दल तुला मी काय सांगू, आतड्यांना भोकं पडलेली मुलं तू स्वतः पाहिली आहेस. अभियंत्यांना मात्र सांगावं लागेल. सेल फुटून आम्ल गळतं, असं त्यांना वाटत असतं. अन्ननलिकेत अडकलेला अखंड सेलही विजेच्या प्रवाहाने भोवती अल्कली तयार करतो आणि दोन तासांत ऊतक जाळू शकतो, हे त्यांना चित्र काढून दाखव. झाकणाला स्क्रू लावण्यावर लगेच समाधान मानू नकोस. तो सेल टाळता येईल का, हे आधी विचार.

बैठकीत कुणीतरी म्हणेल, पालकांनी सूचना वाचल्या नाहीत, पट्टे बांधले नाहीत. तिथे आवाज चढवू नकोस, पण मागेही हटू नकोस. रात्री तीन वाजता, चार वेळा उठलेली आई सूचनापत्रक वाचणार नाही. हे कंपनीला आधीच ठाऊक असतं आणि वस्तू त्या आईसाठीच बनवायची असते.

करारात तीन गोष्टी लिहून घे. मानधन ठरलेलं असावं, तू होकार दिलास की नकार यावर ते अवलंबून नसावं. ग्राहकांच्या तक्रारी आणि इजांच्या नोंदी सारांश करून नकोत, मूळ स्वरूपात मिळाव्यात. तुझा विरोध इतिवृत्तात तुझ्याच शब्दांत नोंदला जावा आणि संचालक मंडळापर्यंत पोहोचावा. जाहिरातीत नाव किंवा फोटो वापरायला नकार दे. सरकारी मानक समितीवर कधी बसलीस तर हे मानधन तिथे पहिल्याच दिवशी जाहीर कर.

दुसऱ्या अटीवर ते अडतील, वकील गोपनीयतेचं कारण देतील. मुलांची नावं काढून नोंदी द्या, असं सांग. तेही नाकारलं तर या मंडळावर जाऊ नकोस, दुसरी कंपनी बघ. मसुदा हातात आला की मला पाठव, सही करण्याआधी एकदा दोघी बसून वाचू.

कळावे,
तुझी मॅडम