मोहीम फसली, तरी बढती कशी?

प्रश्न : मी बारावी कला शाखेत आहे. परराष्ट्र सेवेत जायचं आहे. हान राजघराण्याच्या काळातला चिनी दूत झांग चिएन याच्याविषयी वाचलं. नेमून दिलेलं काम त्याच्याकडून झालंच नाही, तरी तो मोठा अधिकारी झाला. बाबा विचारतात, ज्या नोकरीत वर्षानुवर्षं राबून हाती काही लागेलच असं नाही, तिथे जावंच कशाला?

उत्तर : बाबांची काळजी रास्त आहे. झांग चिएनचं उदाहरण मात्र त्यांना नीट सांग.

तो दरबारातला एक कनिष्ठ अधिकारी. चीनला उत्तरेकडून त्रास देणाऱ्या श्योंगनू या भटक्या टोळ्यांविरुद्ध, त्यांनीच पश्चिमेला हुसकावलेल्या युएझी लोकांशी युती करायला सम्राट वूला दूत हवा होता, तेव्हा हा आपणहून पुढे झाला. इ.स.पू. १३८च्या सुमारास शंभरेक माणसं घेऊन निघाला आणि वाटेतच श्योंगनूंच्या हाती सापडला. दहाएक वर्षं कैद. तिथेच लग्न झालं, मूल झालं, पण दूत म्हणून ओळख पटवणारी, सम्राटाने दिलेली काठी त्याने जपली. शेवटी निसटून युएझींपर्यंत पोचला, तर ते सुपीक मुलखात स्थिरावले होते. लढायला तयार होईनात. परतताना पुन्हा कैद. निघालेल्यांपैकी दोघेच परतले, तो आणि गानफू. खायला काही नसे तेव्हा हा गानफू शिकार करून आणायचा.

युती झाली नाही, पण त्याने सम्राटाला दिलेली माहिती अनमोल होती. बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडे, त्याला चीनच्याच शू प्रांतातलं, म्हणजे आजच्या सिचुआनकडचं, कापड आणि बांबू दिसले. हे आलं कुठून, असं त्याने विचारलं. ‘आमचे व्यापारी शेंदूहून आणतात,’ असं उत्तर मिळालं. शेंदू म्हणजे आपला भारत. तिथले लोक हत्तीवर बसून लढतात, हेही त्याने टिपलं. मग त्याने अंदाज बांधला की शू प्रांतातून शेंदूला जाणारी वाट असणार. सम्राटाने लगेच त्या दिशेने माणसं धाडली. ती पोचू शकली नाहीत, पण दरबाराची नजर पश्चिमेकडे वळली ती वळलीच.

पुढे एका लढाईत ठरल्या वेळी पोचला नाही म्हणून त्याला मृत्युदंड झाला. पैसे भरून जीव वाचवला, सरदारकी गेली. तरीही सम्राट त्यालाच सल्ला विचारत राहिला, त्याला पश्चिमेकडच्या वूसून या भटक्या लोकांकडे पाठवलं आणि परतल्यावर परकीय पाहुण्यांचा कारभार पाहणारा मंत्री केलं.

तुझ्याकडे वेळ आहे. परराष्ट्र सेवेसाठी द्यायच्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला पदवी आणि किमान २१ वर्षं वय लागतं. तोवर एक परकी भाषा मनापासून शीक. सेवेत गेल्यावरही ती शिकावी लागतेच. आणि या महिन्यात एक कर : बाजारात दिसणारी एखादी बाहेरदेशची वस्तू निवड, ती कुठून, कोणाच्या हातून आली हे दुकानदाराला विचार आणि दोन पानं लिहून मला पाठव.