पिस्तूल नंतर बघू, आधी थकलेलं पीककर्ज

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका अनुदानित शाळेतल्या सरांनी लिहिलं आहे. वय 45. शाळेची एनसीसी सांभाळतात, घरची सात एकर शेती आहे, आणि रानडुकरं-रोह्यांपायी (रोही म्हणजे नीलगाय) वडिलांच्या काळापासूनची बारा बोअरची बंदूक परवान्यावर आहे. महिन्यातून दोन रविवार नागपूरला रेंजवर नेमबाजीला जातात. आता ओळखीतल्या एका जुन्या मालगुजारी घराण्यातलं .32 बोअरचं वेब्ली अँड स्कॉट पिस्तूल 2 लाख 75 हजारांना मिळतंय. ते घ्यायचं, स्प्रिंगा बदलायच्या, मूठ नवी करायची, थोडं ट्रिगरचं काम करायचं आणि रेंजवर वापरायचं, असा बेत. प्रश्न एवढाच: 5 लाखांची एफडी मोडू की गोल्ड लोन घेऊ? "अशा पिस्तुलाचे भाव वाढतच जातात, म्हणजे पैसा कुठं जात नाही," असंही लिहितात.

सर, पिस्तुलाचं सांगतोच. पण तुमच्या पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य आहे: "2 लाख 40 हजारांचं पीककर्ज दोन वर्षांपासून भरलं नाही, कारण कर्जमाफी होणार असं सगळेच म्हणतात, त्यातल्या पैशातून बँकेतल्या साहेबांनी सुचवलेली पॉलिसी घेतली." त्याच्याच खाली मुलगी पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाणार आणि शैक्षणिक कर्ज काढणार, असं आहे. मला काळजी या दोन ओळींची वाटते.

पुढची माफी होईल की नाही, यावर मी वाद घालत नाही. झाली तर तुम्हाला मिळेल का, ते बघा. 2019 च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत मुद्दल आणि व्याज मिळून 2 लाखांच्या वर थकबाकी असणारे बाहेर होते. महिना 25 हजारांवर पगार घेणारे सरकारी आणि अनुदानित संस्थांचे कर्मचारी बाहेर होते. शेतीबाहेरच्या उत्पन्नावर आयकर भरणारेही बाहेर होते. तुम्ही तिन्ही अटींत अडकता. गावातला शेजारी थांबला तर त्याचं गणित निदान मांडता येतं. तुमचं मांडताच येत नाही.

आणि थांबण्याची किंमत रोज चढते आहे. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं की केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना धरून व्याज शून्यावर येतं. थकलं की सवलत गेली. 11 टक्के धरा, वर्षाला 26 हजार. आज तुमच्याकडे तीन लाखांच्या आसपास निघत असतील. फुकट मिळणारा पैसा तुम्ही हातानं महाग करून घेतला.

त्याहून वाईट म्हणजे, कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीतकडे झुकलेलं, होतं. तुमचं झालेलं असणार. मुलीच्या कर्जाला सहअर्जदार म्हणून सही तुमचीच लागेल, आणि बँक पहिल्यांदा तुमचाच सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास, काढेल. पोरगी सीईटीचा अभ्यास करते आहे आणि तिचं कर्ज तुमच्या नावावर अडकू शकतं, हे तिला माहीत तरी आहे का?

आता ती पॉलिसी. वर्षाला 60 हजार, दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी 9 लाख. 6 लाख भरून दीडपट, तेही इतक्या वर्षांनी, म्हणजे व्याज जेमतेम चार टक्के. तिकडे कर्ज 11 टक्क्यांनी वाढतंय. ज्या बँकेत तुमचं कर्ज थकलंय, त्याच बँकेत बसून कर्जदाराला "एफडीपेक्षा चांगलं" म्हणून हे विकणं मला संताप आणतं. वर विमा किती, तर 6 लाख. तुमच्या घराचा तो दोन वर्षांचाही खर्च नाही. तिसरा हप्ता भरू नका. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर किती मिळतील, ते लेखी मागा. तोटा होईल, तो सोसा. पण आधी 1 कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे परताव्याविना निव्वळ आयुर्विमा, हातात येऊ द्या. तंबाखू नसेल तर वर्षाला वीस-पंचवीस हजारांत बसेल.

एफडी मोडायचीच आहे, ती हे पीककर्ज भरण्यासाठी मोडा. तडजोड करून थोडक्यात मिटवू नका, सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो. पूर्ण भरा, नो ड्यूज दाखला घ्या, आणि पुढच्या खरिपाला पुन्हा शून्य व्याजाचं कर्ज मागा. उरलेले दोन लाख मुलीच्या पहिल्या वर्षाचे.

राहिलं पिस्तूल. भाव चढलेत ते मालाच्या गुणामुळे नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद आहे म्हणून. विकायचं म्हटलं तर परवानाधारक गिऱ्हाईक शोधा, जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवा, 45 दिवस थांबा. शिवाय शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका-पिस्तुलं ठेवता येतात. याला गुंतवणूक म्हणू नका. मुलीच्या फीच्या वेळी ते विकलं जाणार नाही.

दुरुस्तीची तुमची हौस मी समजू शकतो. त्या वेब्लीच्या उजव्या मुठीखाली व्ही आकाराची स्प्रिंग असते, आणि मोटरपंप स्वतः खोलणाऱ्या माणसाचे हात तिथं वळवळणारच. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक सैन्याची जुनी पिस्तुलं घरच्या टेबलावर उघडून बसतात. तिथला कायदा वेगळा. इथं साफसफाई आणि तेलपाणी तुमचं. दुरुस्ती आणि बदल परवानाधारक गनस्मिथकडेच. विनापरवाना दुरुस्तीला शस्त्र कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा आहे. शिक्षकाची नोकरी त्या स्प्रिंगेवर लावू नका.

गोळ्यांचा खर्च तर तुम्ही धरलाच नाही. काडतूस शंभराच्या घरात, असं तुम्हीच लिहिता. एका रविवारी 50 झाडली तर महिन्याला दहा हजार, वर्षाला 1 लाख 20 हजार, आणि परवान्यावर काडतुसांची मर्यादा वेगळी.

नेमबाजी मात्र सोडू नका. 20 ज्यूलपर्यंतच्या 4.5 मिलिमीटर एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त आहेत, आणि 10 मीटरचा सराव शाळेच्या बंद हॉलमध्ये, मागं भक्कम आडोसा उभारून होतो. एनसीसीच्या पोरांनाही उभं करता येईल. पण तेही पुढच्या दिवाळीनंतर, पगारातून साठवून. या सोमवारी बँकेत जा आणि थकबाकीचा उतारा मागा. त्यावरचा आकडा मला कळवा, म्हणजे एफडीतली किती रक्कम मोडायची ते नेमकं सांगतो.