ध्वनिमुद्रण – वाचकांचे प्रश्न : आमचे अभंग ॲटमॉसमध्ये करावेत का?

प्रश्न : आम्ही पाच जणांनी मिळून आठ अभंग ध्वनिमुद्रित केले आहेत. गायन, हार्मोनियम, बासरी, पखवाज आणि टाळ एवढाच साज आहे. पाठीशी कोणतीही कंपनी नसून दीड लाख रुपये आम्हीच जमवले होते. त्यांतले निम्मे मुद्रणात संपले. उरलेल्या पैशांतून स्टिरिओबरोबर डॉल्बी ॲटमॉस या सभोवतालच्या ध्वनीच्या तंत्रातले मिक्सही (सगळ्या ट्रॅकांचे एकत्र मिश्रण) करून घ्यावे, ‘पुढचा काळ त्याचाच आहे’, असा स्टुडिओचालकांचा आग्रह आहे. आमच्यासारख्यांनी हा खर्च करावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तंत्र चांगले आहे. मात्र त्यावर घातलेल्या पैशांतले फारच थोडे आपल्या श्रोत्याच्या कानापर्यंत पोचेल.

स्टिरिओमध्ये सगळा ध्वनी डाव्या आणि उजव्या अशा दोन वाहिन्यांत बांधलेला असतो. २०१२ मध्ये चित्रपटगृहांसाठी आलेल्या ॲटमॉसमध्ये ध्वनीसोबत तो कोठून ऐकू यावा याची नोंदही साठवता येते, आणि ऐकणाऱ्याकडे बारा स्पीकर आहेत की नुसता इयरफोन आहे हे पाहून त्याचे यंत्र त्या नोंदीनुसार ध्वनीची वाटणी करते. संगीताच्या मिक्ससाठी साधारणपणे ७.१.४ ही मांडणी लागते : कानाच्या उंचीवर सात स्पीकर, खर्जासाठी एक सबवूफर आणि वर छताला चार. आपल्या स्टुडिओत ती आहे, की हेडफोनवरच काम उरकले जाणार आहे, हे आपण अवश्य विचारावे.

आता श्रोत्याकडे वळू. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये ॲटमॉस सुरू केले आणि टायडल या गाण्यांच्या सेवेवरही ते ऐकता येते; स्पॉटिफाय आणि यूट्यूब यांवर मात्र आपले ॲटमॉस मिक्स पोचतच नाही, तेथे स्टिरिओच वाजते. आपल्याकडे अभंग कसे ऐकले जातात हे आपणांस माझ्याइतकेच ठाऊक आहे. पहाटे देव्हाऱ्याशेजारी मोबाइल उभा करून ठेवलेला असतो, आणि त्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून घरभर आवाज जातो. त्या श्रोत्याला मागचे-पुढचे, वरचे-खालचे काहीही मिळणार नाही. आपण यापूर्वी काही प्रसिद्ध केले असेल, तर गाणी या सेवांवर पोचवणाऱ्या वितरकाच्या खात्यात प्रत्येक सेवेचा वाटा दिसतो. निर्णयापूर्वी तेवढे एक पान जरूर पाहावे. ॲटमॉसमध्ये उपलब्ध असलेल्या गाण्यांना २०२४ पासून ॲपल १० टक्क्यांपर्यंत जादा मोबदला देऊ लागले, हे खरे आहे. परंतु तेथून वर्षाला हजार रुपये येत असतील, तर ही वाढ फार तर शंभर रुपयांची होते.

याहून महत्त्वाची अडचण कानाची आहे. ज्यांच्याकडे ॲटमॉस पोचते, त्यांतले बहुतेक जण ते इयरफोनवर ऐकतात. दोनच वाहिन्यांतून ‘मागून’ आणि ‘वरून’ असा भास निर्माण करण्यासाठी यंत्र आपल्या कानाच्या पाळीचे काम गणिताने करते. पाळीच्या वळ्यांमुळे वरून आलेल्या आवाजाचा पोत जसा बदलतो, तसा बदल ते त्या ध्वनीत करते. हे गणित सरासरी कानाचे असते आणि प्रत्येकाची पाळी निराळी असते. गेल्या वर्षी एका भजनी मंडळाच्या मुद्रणाचे ॲटमॉस मिक्स करताना आम्ही टाळ श्रोत्याच्या पाठीमागे, थोडे वर ठेवले होते. बारा स्पीकरांच्या खोलीत ते ऐकून अंगावर काटा आला. तेच मिक्स इयरफोनवर लावले, तेव्हा टाळांचा काशाचा नाद पत्र्यासारखा पातळ झाला आणि बुवांचा आवाज मोकळ्या हौदात उभे राहून गायल्यासारखा लांब गेला. भर म्हणजे हेडफोनसाठी डॉल्बीचे रूपांतर वेगळे आणि ॲपलचे वेगळे. एकावर जमलेला तोल दुसऱ्यावर ढळतो. तो दोन्हींकडे सांभाळायला अनुभवी माणूस आणि पुष्कळ तास लागतात, आणि आपल्याकडे उरलेल्या रकमेत ते तास बसणार नाहीत.

त्या पैशांतून मी काय केले असते, तेही सांगतो. आधी पखवाज पुन्हा ऐकला असता. धुमेला, म्हणजे डाव्या पुडीला, कणीक कमी पडली असेल, किंवा शाईची बाजू गायकाच्या सुराला नीट मिळवलेली नसेल, तर पुढचे कोणतेही तंत्र ते झाकू शकत नाही. शिवाय अगदी खालच्या खर्जाची दिशा आपल्या कानांना ओळखताच येत नाही, त्यामुळे धुमेचा घुमारा कोपऱ्यात नेऊन बसवण्यात काही हशील नाही. तिला समोर आणि भरीव राहू द्यावे. गरज वाटल्यास दोन्ही पुड्यांना स्वतंत्र माइक लावून पखवाज नव्याने वाजवून घ्यावा, आणि उरलेली रक्कम स्टिरिओ मिक्स व मास्टरिंगसाठी (प्रसिद्धीपूर्वीच्या शेवटच्या संस्कारासाठी) चांगल्या माणसाला द्यावी.

सभोवतालच्या ध्वनीचे मोल मी नाकारत नाही. वारीत जो दिंडीच्या आत चालला आहे, त्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. दोन्ही बाजूंना समोरासमोर टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग आणि वीणा, मागून झेलून घेतलेले चरण. तेथे संगीताची जागा हा संगीताचाच भाग असतो. आपला पुढचा संच एखाद्या देवळाच्या सभामंडपात, सगळ्यांनी गोल उभे राहून, एकत्र गाऊन मुद्रित करायचा झाला, तर माझे उत्तर बदलेल. त्यासाठी मधोमध ठेवायचा, चार दिशांचा ध्वनी एकाच वेळी टिपणारा अँबिसॉनिक माइक आता हातात मावेल एवढा मिळतो. मंडपाच्या दगडाचा घुमार तेव्हा खरा असेल, मागाहून जोडलेला नसेल.

एक गोष्ट मात्र आताच करावी. स्टुडिओकडून प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा वेगळा ट्रॅक, कृत्रिम घुमार न घालता, ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटमध्ये, सगळे एकाच क्षणापासून सुरू होणारे असे मागून घ्यावेत आणि दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावेत. उद्या ॲटमॉस करावेसे वाटले, तर सामग्री हाताशी असेल. तयार स्टिरिओ गाण्यावरून स्वस्तात ॲटमॉस ‘बनवून’ देणाऱ्यांपासून दूर राहावे. एकदा कालवलेली वाद्ये नीट वेगळी होत नाहीत.

प्रश्न : मी घरीच सिंथेसायझर आणि पावसाच्या, बाजाराच्या मुद्रित आवाजांवर संगीतरचना करतो. माझ्याकडे मॅक, लॉजिक प्रो हे संगीतमुद्रणाचे सॉफ्टवेअर आणि बरे हेडफोन आहेत. मी स्वतः ॲटमॉस शिकण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे, आणि आपण जरूर शिकावे. वरच्या उत्तरातला प्रश्न दुसऱ्याला पैसे देऊन काम करून घेण्याचा होता. आपला खर्च वेळेचा आहे. लॉजिक प्रोमध्ये ॲटमॉसची साधने ऑक्टोबर २०२१ मधील १०.७ या आवृत्तीपासून अंगभूतच आहेत. शिवाय आपल्या रचनेत पाऊस कोठे पडतो, हा सजावटीचा प्रश्न नाही. तो रचनेचाच प्रश्न आहे, आणि तो लिहितानाच सोडवता येणे ही आपली मोठी सोय आहे.

हेडफोनवर मिक्स बांधावे. प्रसिद्ध करण्यापूर्वी मात्र ७.१.४ मांडणीच्या खोलीत दोन-तीन तास भाड्याने घेऊन ते एकदा ऐकावे, कारण वरच्या स्पीकरांत किती भरले आहे याचा अंदाज हेडफोनवर हमखास चुकतो. ॲटमॉससाठी एकूण पातळी उणे १८ एलकेएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे एकक) वर आणि शिखर उणे १ डीबीच्या वर जाऊ नये असा दंडक आहे. स्टिरिओत आवाज दाबून वर चढवण्याची सवय लागलेल्यांना सुरुवातीला हे फिके वाटते. आपल्या पावसाला मात्र त्यामुळे श्वास घ्यायला जागा मिळेल. ॲटमॉस फाइल सगळेच वितरक घेत नाहीत आणि काही जण तिचे वेगळे शुल्क घेतात, तेव्हा ही चौकशी आधी करावी.

प्रश्न : १९७० च्या दशकात चार स्पीकरांच्या क्वाड्राफोनिक रेकॉर्ड आल्या आणि गेल्या. हेही तसेच होणार नाही का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : तेव्हा एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती एकाच वेळी बाजारात होत्या आणि ऐकणाऱ्याला चार स्पीकर घरात मांडावेच लागत. आता तीच एक फाइल इयरफोनपासून बारा स्पीकरांपर्यंत कोठेही वाजते, त्यामुळे हे तंत्र इतक्या लवकर नाहीसे होईल असे मला वाटत नाही. मात्र ते टिकले, तरी सांगलीच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात त्याने फरक पडत नाही; त्यांचे वेगळे ट्रॅक जपून ठेवलेले असले, तर पाच वर्षांनीही ॲटमॉस मिक्स तेवढ्याच चांगल्या रीतीने करता येईल.