पंगतीत झालेलं भांडण

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री पाहिला. ‘सर, ख्रिस्ती धर्माचा संस्थापक नेमका कोण, येशू की पौल? एका ओळीत सांगा, परवा सेमिनार आहे.’ एका ओळीत मावेल असं उत्तर माझ्याकडे नाही, आणि असतं तरी दिलं नसतं. त्याऐवजी काम सांगतो. कॉलेजच्या ग्रंथालयात मराठी ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे बायबल, असेल. त्यातला नवा करार काढ, पण मत्तयापासून सुरुवात करू नकोस. निम्म्याहून अधिक पानं उलट आणि ‘गलतीकरांस पत्र’ शोध. ते पौलाचं, येशूनंतर त्याचा संदेश गावोगाव नेणाऱ्या यहूदी प्रचारकाचं. सहा छोटे अध्याय आहेत. चहा निवायच्या आत होणार नाहीत, पण अर्ध्या तासात होतील.

हे मधूनच कशाला, असं तू विचारशील. नव्या करारातली पुस्तकं ज्या क्रमाने बांधली आहेत त्या क्रमाने ती लिहिली गेलेली नाहीत. पौलाच्या नावावरची तेरा पत्रं तर साधारण लांबीनुसार लावलेली आहेत. रोमकरांस लिहिलेलं सर्वांत लांब म्हणून आधी, फिलेमोनाला लिहिलेलं जेमतेम पानभर म्हणून शेवटी. तेरांपैकी सात पत्रं खुद्द पौलाची, यावर अभ्यासकांचं जवळजवळ एकमत आहे. बाकीच्यांवर वाद चालू आहे. येशूला वधस्तंभावर दिलं ते इ.स. 30 च्या सुमारास, पिलात हा यहूदियाचा रोमन सुभेदार असताना (त्याची कारकीर्द 26 ते 36). चार शुभवर्तमानांतलं, म्हणजे येशूच्या चरित्रांतलं, सर्वांत जुनं मार्कचं. ते 70 च्या आसपासचं. पौलाची पत्रं त्याच्याही आधीची, 50 ते 60 या दशकातली. म्हणजे ख्रिस्ती परंपरेतलं हाती असलेलं सर्वांत जुनं लिखाण हे चरित्र नाही, ती टपाल आहे.

तू शिलालेखवाली, म्हणून ‘50’ कुठून आलं तेही सांगतो. ग्रीसमध्ये डेल्फीला सम्राट क्लॉडियसच्या एका पत्राचा शिलालेख तुकड्या-तुकड्यांत मिळाला. त्यात गल्लियो या प्रांताधिकाऱ्याचं नाव आहे, आणि सम्राटाच्या बिरुदांवरून त्याचा काळ 52 च्या आसपास येतो. नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात करिंथच्या यहूद्यांनी पौलाला याच गल्लियोपुढे उभं केल्याची हकिगत आहे. या एका खुंटीवर पौलाची जवळपास सगळी सनावळी टांगलेली आहे. खुंटी भक्कम आहे, पण एकच आहे, हे विसरू नकोस.

आता पत्र कसं वाचायचं. मोडी पत्र हातात घेतलं की तू आधी मायना पाहतेस ना? तसंच कर. पौल बाकीच्या मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या अनुयायांच्या गटांना, लिहितो तेव्हा नमस्कारानंतर बहुधा देवाचे आभार मानतो, त्यांची आठवण काढतो, मग मुद्द्यावर येतो. गलतीकरांना लिहिताना खुशालीचा मजकूरच गाळलाय. नमस्कार झाला की थेट ‘मला तुमचं आश्चर्य वाटतं’. शेवटाकडे चिटणिसाच्या हातून लेखणी घेऊन म्हणतो, बघा, केवढ्या मोठ्या अक्षरांत मी स्वतः लिहितोय. आपल्याकडेही मजकूर कारकुनाचा आणि शेवटच्या दोन ओळी धन्याच्या, अशी पत्रं आहेतच. ‘करिंथकरांस पहिले पत्र’ उघडलंस तर सुरुवातीलाच गंमत दिसेल. पौल सांगतो की क्रिस्प आणि गायस सोडून तुमच्यातल्या कुणाला मी बाप्तिस्मा दिलेला नाही. मग आठवतं, हां, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला होता. आणखी कुणाला दिला असेल तर ध्यानात नाही. बोलता बोलता स्वतःला दुरुस्त करणारा माणूस आणि ते जसंच्या तसं उतरवणारा लेखनिक, दोघंही तुला तिथे दिसतील. संस्थापक असा बोलत नाही.

गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायावर मात्र थांब. अंत्युखिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. तिथल्या मंडळीत यहूदी आणि बिगर-यहूदी एकत्र जेवत. येशूच्या बारा शिष्यांतला प्रमुख पेत्र, तोही त्यांच्यात बसून जेवत असे. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसं आली, आणि पेत्र हळूहळू बाजूला सरकला. बाकीचे यहूदीही उठले. पौलाचा जुना सोबती बर्णबासुद्धा त्यांच्यात गेला. पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावलं.

पंक्तिभेद हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या वाचकाला या प्रसंगावर तळटीप लागत नाही. पण तुलना तिथेच थांबव. यहूद्यांचे आहारनियम आणि आपली जात या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सेमिनारमध्ये तू त्या एक केल्यास तर पहिला प्रश्न मीच विचारीन. तिथला पेच असा होता: येशूला मानणाऱ्या परक्या माणसाने सुंता करून, नियम पाळून आधी यहूदी व्हायचं, की आहे तसंच आत यायचं?

आणि भांडणाचा निकाल काय लागला? पौल सांगत नाही. पेत्राने ऐकलं असतं तर पौलाने ते लिहिल्याशिवाय सोडलं नसतं, असं बरेच अभ्यासक म्हणतात. मलाही तसंच वाटतं. हाच वाद ‘प्रेषितांची कृत्ये’ 15 मध्ये वाच. तिथे सभा भरते, भाषणं होतात, सर्वानुमते ठराव होतो. सोसायटीच्या इतिवृत्तावरून खरं भांडण कधी कळलंय का?

याकोब कोण, हा गोंधळ तुझा होणारच. इंग्रजी पुस्तकांत तो ‘जेम्स’ असतो. बारा शिष्यांतही त्या नावाचे दोघे आहेत, पण हा त्यांतला नव्हे. पौल त्याला प्रभूचा भाऊ म्हणतो. यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख हाच. यहूदी इतिहासकार जोसेफसने त्याचा मृत्यू नोंदवलाय: 62 मध्ये, एक रोमन अधिकारी मेलेला आणि दुसरा अजून पोचायचा, तेवढ्या फटीत महायाजकाने त्याला दगडमार करवली. आठ वर्षांनी रोमनांनी यरुशलेम आणि तिथलं मंदिर जाळलं. याकोबाच्या बाजूने त्या वादात काय म्हणणं होतं, हे सांगणारं एकही पत्र आपल्याकडे नाही. पौलाचं दप्तर टिकलं, म्हणून पौलच संस्थापक वाटतो. एका बाजूचं दप्तर हाती असलं की इतिहासात असंच होतं. पेशवाईवर काम करताना तुला याचा अनुभव येईलच.

उलट टोकालाही जाऊ नकोस. ‘सगळं पौलाने रचलं’ हे विधान इंटरनेटवर फार फिरतं. त्याच्याच पत्रांत त्याला उत्तर आहे. येशू मेला, पुरला गेला, उठला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, ही साखळी मला मिळाली आणि मी पुढे दिली, असं तो करिंथकरांना सांगतो. त्याच ग्रीक पत्राच्या शेवटी एकदम एक अरामी शब्द येतो: ‘मारानाथा’, आमच्या प्रभू, ये. करिंथच्या ग्रीक बोलणाऱ्यांच्या तोंडी तो आला कुठून? येशूची भाषा बोलणारे लोक पौलाच्या आधीपासून ही प्रार्थना करत होते, म्हणून. शिवाय मूळ ग्रीकमध्ये पौलाच्या पत्रांत ‘ख्रिस्ती’ हा शब्द एकदाही नाही. तो स्वतःला इस्राएली म्हणवतो. जे नावच त्याने कधी घेतलं नाही, त्याचा संस्थापक त्याला कसं म्हणायचं?

माझी एक चूक सांगून ठेवतो, तू करू नयेस म्हणून. कित्येक वर्षं मी वर्गात ठोकून सांगत होतो की बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची ते सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 च्या निकेआ परिषदेत ठरवलं. एकदा वसईचा एक मुलगा तास संपल्यावर हळूच म्हणाला, ‘सर, परिषदेचे वीस नियम वाचलेत का?’ नव्हते वाचले. त्यांत पुस्तकांच्या यादीबद्दल अवाक्षर नाही. तिथला मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या मताचा, पुत्र (येशू) हा पित्याच्या (देवाच्या) बरोबरीचा की नाही याचा. शिवाय ईस्टरची तारीख. नव्या करारातली आजची 27 पुस्तकं एका यादीत नेमकी दिसतात ती 367 मध्ये, अलेक्झांड्रियाच्या अथनासियसच्या पत्रात. पुन्हा पत्रच, बघ.

सेमिनारपुरतं एवढं पुरे. नंतरसाठी एक काम. यरुशलेममधल्या गरिबांसाठी पौल ग्रीक मंडळ्यांकडून वर्गणी जमवत होता. रोमकरांस पत्राच्या 15व्या अध्यायात ती घेऊन निघताना तो घाबरलेला आहे: तिथले लोक ती स्वीकारतील ना? मग ‘प्रेषितांची कृत्ये’ 21 वाच. तो पोचतो, याकोबाला भेटतो, थोड्याच दिवसांत मंदिरात पकडला जातो. वर्गणीचं नाव नाही. ओझरता उल्लेख येतो तो थेट 24 मध्ये, त्याच्या बचावाच्या भाषणात. त्या पैशांचं काय झालं असावं, ते दोन पानांत लिहून आण. हाताने लिही, टाइप करू नकोस.

तुझा,
सर